गुडघे

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. समोर टीव्हीवर ईगल्सचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना संपत आला होता. फिलाडेल्फियाजवळ राहायचं म्हणजे रविवारी ईगल्स लावावेच लागतात. नाही लावले तर भिंतीपलीकडून ऐकू येतात. मिनिटभर उरलेलं, आमचा संघ पुढे. क्वार्टरबॅकनं, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य खेळाडूनं, चेंडू हातात घेतला, एक पाऊल मागे सरला आणि निवांत एक गुडघा जमिनीला टेकवला. मग पुन्हा तेच. मैदानभर टाळ्या.

"हे जिंकत होते ना रे?" देठ खुडता खुडता आईनं विचारलं. "मग गुडघे का टेकले?"

तिला येऊन महिना झाला होता आणि या खेळातलं तिला एवढंच कळत होतं की हिरवे ते आपले. मी सांगायला लागलो. गुडघा टेकला की डाव तिथंच थांबतो, घड्याळ मात्र चालू राहतं. पुढे असलेल्या संघाला वेळ काढायचा असतो. पूर्वी हे जरा कमीपणाचं समजत. मग १९ नोव्हेंबर १९७८ ला न्यू यॉर्क जायंट्स ईगल्सविरुद्ध १७-१२ असे पुढे होते, नुसता गुडघा टेकला असता तरी सामना खिशात. पण त्यांनी चेंडू साथीदाराच्या हातात द्यायचा घाट घातला, तो निसटला, आणि हर्मन एडवर्ड्स नावाच्या ईगल्सच्या गड्यानं तो उचलून थेट गोल गाठला. १९-१७. तो डाव सांगणाऱ्या प्रशिक्षकाची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून जिंकणारे मुकाट गुडघा टेकतात, आणि त्या मांडणीचं नावच 'विजयाची रचना'.

"आमच्या सांगलीकडं कुस्तीत गुडघा टेकला तर कुणी विचारत नाही," आई म्हणाली. "पाठ लागली पाहिजे." आणि पुढची जुडी सोडली.

गंमत अशी की २०१७ च्या त्या दिवसांत अख्खी अमेरिका गुडघ्यावरूनच भांडत होती. वर्षभरापूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातला कॉलिन कॅपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहायला लागला. काळ्या लोकांशी पोलीस जसे वागतात, त्याचा निषेध म्हणून. ते पाहून नेट बोयर नावाच्या माजी सैनिकाला, जो स्वतःही थोडं फुटबॉल खेळला होता, वाईट वाटलं. दोघं सॅन डिएगोत हॉटेलच्या लॉबीत बसून बोलले. बोयरनं सुचवलं, बसू नकोस, गुडघा टेक. आम्ही पडलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे तसंच करतो. १ सप्टेंबर २०१६ ला कॅपर्निकनं पहिल्यांदा गुडघा टेकला. म्हणजे अपमान वाटू नये म्हणून विचारपूर्वक निवडलेली ती मुद्रा होती. पण राष्ट्रगीत चालू असताना तो माणूस काही बोलत नव्हता. आणि जिथं कुणी बोलत नाही तिथं पंडित येऊन बसतात.

(हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. आपल्याकडे पंडित म्हटलं की भीमसेनजी आठवतात. तिकडे टीव्हीवर टाय लावून दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणारा माणूस.)

त्यांचाही नाइलाज असावा. तीन तासांहून जास्त चालणाऱ्या या खेळात चेंडू प्रत्यक्ष हलतो जेमतेम ११ मिनिटं. बाकी सगळं उभं राहणं, घोळक्यात खलबत करणं आणि जाहिराती. हे भगदाड कशानं तरी भरायला हवं. २००३ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीला वाटलं, राजकारणानं भरावं. रेडिओवर उजव्यांची बाजू तासन्‌तास लढवणाऱ्या रश लिंबॉंना त्यांनी रविवारच्या सामनापूर्व कार्यक्रमात आणून बसवलं. २८ सप्टेंबरला ते ईगल्सच्या डोनोवन मॅकनॅबबद्दल बोलले. मथितार्थ असा की काळा क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची इच्छा आहे, म्हणून याला नको तितकं श्रेय मिळतं. खरा संघ तारला तो बचावफळीनं. मॅकनॅब त्याच दिवशी बफेलोला २३-१३ हरवून आला. तीन दिवसांत लिंबॉंनी कार्यक्रम सोडला. मला त्या वाक्यातली हुशारी अजून खुपते. वरवर पाहता ते मॅकनॅबवर नव्हतंच, माध्यमांवर होतं. आमच्या आळीतल्या एक काकू अशाच बोलायच्या: "मी काही म्हणत नाही बाई, लोक म्हणतात."

तसा मॅकनॅबला सवयीचा होता म्हणा हा प्रकार. १९९९ मध्ये ईगल्सनं त्याला निवडलं त्या दिवशी फिलाडेल्फियाच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. एका रेडिओवाल्यानं त्यांना खास न्यू यॉर्कला, निवडीच्या सोहळ्याला, नेलं होतं.

तर २०१७. सप्टेंबरच्या २२ तारखेला, शुक्रवारी, ट्रम्प अलाबामातल्या हंट्सव्हिलला एका सिनेटच्या उमेदवाराच्या प्रचाराला गेले आणि म्हणाले, असा गुडघा टेकणाऱ्याला मालकानं मैदानातून हाकलून द्यावं. सोबत एक शिवी. ती आईवरून होती, त्यामुळे भाषांतर करताना मी ती गाळली. कॅपर्निकला तर तोवर कुठल्याच संघात जागा नव्हती. रविवारी ठिकठिकाणचे मिळून दोनशेहून जास्त खेळाडू खाली बसले किंवा गुडघ्यावर आले. ईगल्सवाले हातात हात अडकवून उभे राहिले.

आणि त्याच सामन्यात, जायंट्सविरुद्ध, २४-२४ अशी बरोबरी असताना जेक एलियट नावाच्या नवख्या पोरानं शेवटच्या क्षणी ६१ यार्डांवरून चेंडू लाथाडून दोन खांबांमधून पार केला. ६१ यार्ड म्हणजे जवळजवळ छप्पन्न मीटर. आमच्या शेजारच्या घरातून किंकाळी आली, आईच्या मांडीवरची परात कलंडली. सोमवारी मी पंडितांचे जेवढे चॅनेल फिरवले तेवढ्यांवर कोण उभं होतं आणि कोण खाली, याचाच हिशेब चालला होता. त्या लाथेचं नाव नाही.

फेब्रुवारीत ईगल्सनी सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. आई नंतर परत गेली. जूनमध्ये विजेत्यांना व्हाइट हाउसचं आमंत्रण होतं, ते ट्रम्पनी आदल्या दिवशी रद्द केलं; बरेच खेळाडू येणार नाहीत असं दिसत होतं, आणि कारण दिलं राष्ट्रगीताचं. खरं तर त्या हंगामात मुख्य सामन्यांत राष्ट्रगीताला ईगल्सच्या एकाही खेळाडूनं गुडघा टेकला नव्हता. तरी फॉक्स न्यूजनं ती बातमी देताना ईगल्सचे गुडघ्यावर बसलेले खेळाडू दाखवले. ती दृश्यं सामन्याआधीच्या प्रार्थनेची होती. खेळाडू चिडले, वाहिनीनं माफी मागितली.

त्यातलं एक चित्र मी आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि फोन लावला. विचारलं, "काय करतायत सांग बरं."

"नमस्कार," ती लगेच म्हणाली. "माना बघ की खाली घातलेल्या. ह्याला काय शिकावं लागतंय? आणि तो लांबून मारणारा पोरगा ह्यात कुठं दिसत नाही?"

"असेल गं मागे कुठेतरी."

"बरं. आता माझा गुडघा कसा आहे ते विचार. डॉक्टर म्हणतात, बदलावा लागणार."