ऑरेंज: 'न' कुठे हरवला आणि मंत्री कुठून आला

मंडळी, शब्दांच्या वहीत या खेपेला 'ऑरेंज' घेतला. ऑरेंज सिटीत राहून हा शब्द आजवर टाळला, कारण त्याची ढोबळ गोष्ट सगळ्यांनाच पाठ असते: संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज आणि तिथून युरोप. पण एकेक टप्पा उतरवायला बसलो आणि गुंतत गेलो.

संस्कृताच्या मागे गेलं की दक्षिण लागते. मूळ शब्द द्राविडी असावा, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मल्याळममध्ये 'नारंगा' म्हणजे आज लिंबू, आणि तमिळांचं 'नारत्तंगाय' म्हणजे ज्याचं खारवलेलं लोणचं दहीभाताबरोबर खातात ते आंबट फळ. अरबांनी युरोपात नेलेला नारंजही कडवटच होता. म्हणजे या शब्दाच्या प्रवासात फळ ठिकठिकाणी बदललं आहे. गोड फळ मागाहून आलं, पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा हात मोठा होता. म्हणूनच ग्रीकमध्ये ते 'पोर्तोकाली', तुर्कीत 'पोर्ताकाल', अरबीत 'बुर्तुकाल'. डच मात्र त्याला चिनी सफरचंद म्हणतात.

आता त्या 'न'बद्दल. 'अ नॉरेंज'चं चुकून 'ॲन ऑरेंज' झालं, ही गोष्ट जिथे तिथे वाचायला मिळते. मला ती पटत नाही. इंग्रजीत शब्द पोचला तेव्हा 'न' आधीच गळलेला होता. स्पॅनिशने तो राखला, पोर्तुगीजने त्याचा 'ल' करून 'लारांजा' केला, पण इटालियनमध्ये 'आरांचा' आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'ओरेंज' झालं होतं. 'उना', 'यून' या तिथल्या 'एक'वाचक शब्दांनी तो 'न' गिळला असणार, आणि फ्रेंचमध्ये 'ओर' म्हणजे सोनं, त्या ओढीने सुरुवातीचा 'अ'ही 'ओ' झाला. इंग्रजीने असा 'न' खरोखर गमावला तो 'एप्रन'मध्ये. तो मुळात 'नॅप्रन' होता. उलट 'न्यूट' (पालीसारखा दिसणारा पाण्याजवळचा प्राणी) आणि 'निकनेम' (टोपणनाव) यांना 'ॲन'कडून फुकटचा 'न' मिळाला.

रंगाचं पान मला सगळ्यात आवडलं. फळ येण्याआधी इंग्रजीत या रंगाला स्वतंत्र नावच नव्हतं. जुन्या इंग्रजीत पिवळा-तांबडा असा जोडशब्द करून भागवत. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी कवी चॉसरही स्वप्नातल्या कोल्ह्याचा रंग पिवळ्या आणि तांबड्याच्या मधला, असंच सांगतो. रॉबिन पक्ष्याची छाती सरळसरळ नारिंगी असते, तरी त्याचं इंग्रजी नाव 'तांबड्या छातीचा'. पक्ष्याचं नाव रंगाच्या नावाहून जुनं आहे ना! रंग म्हणून 'ऑरेंज'ची पहिली लेखी नोंद सहसा १५०२ची धरतात, राजघराण्यातल्या कपड्यांच्या खरेदीची.

नेदरलँड्सच्या राजघराण्याचं 'ऑरेंज' वेगळं. ते दक्षिण फ्रान्समधल्या गावाचं नाव, रोमन काळातलं 'अरौसिओ'. उच्चार जवळ आले आणि घराण्याने फळाचा रंग उचलला. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीला १७७९मध्ये नाव मिळालं ते या घराण्यावरून. तिचा फळाशी काही संबंध नाही.

मग संत्रा मार्केटला चक्कर मारली. मृग बहाराचा माल आला होता. एका विक्रेत्याला विचारलं, "दादा, याला कोणी नारिंग म्हणतं का?" तो म्हणाला, "नारिंगी तं रंग असते काका. हा संत्रा आहे." आणि संत्र्याच्या देठाजवळ अंगठा घालून त्याने एका ओढीत अख्खी साल उतरवून दाखवली, आत फोडी सुट्या.

ही सुटी सालच महत्त्वाची. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला नागपुरी संत्रा 'मँडरिन' गटातला. इंग्रज काटेकोरपणे ज्याला 'स्वीट ऑरेंज' म्हणेल, ती आपली घट्ट सालीची मोसंबी. तेव्हा 'मँडरिन'चाही माग काढला. पोर्तुगीज चिनी अधिकाऱ्यांना 'मांदारिं' म्हणत. तो शब्द त्यांनी मलायातून उचलला, 'मंतरी', आणि 'हुकूम करणे' या अर्थाचं त्यांचं स्वतःचं क्रियापद 'मांदार' त्यात मिसळलं. मलायी 'मंतरी' म्हणजे आपला संस्कृत मंत्री! त्या अधिकाऱ्यांच्या झग्यांच्या रंगावरून फळाला नाव पडलं, असा कयास आहे. म्हणजे आपल्या संत्र्याला इंग्रजीत ऑरेंज म्हणा की मँडरिन, दोन्ही नावं इथूनच निघालेली. हे वहीत लिहिताना मला फार आनंद झाला.

'संत्रा' पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला, असंही सांगतात. मला ते जमत नाही. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये नारंजापासून वेगळा असा संतरा नोंदवला आहे. उत्तर हिंदुस्थानात तेव्हा पोर्तुगीज फळाचं नाव रुळलेलं असणं अवघड. ही जागा वहीत मोकळी ठेवली आहे.

पुढचा शब्द 'लेमन', कारण तो आपल्या लिंबाचा नातलग. तोवर एक विनंती: तुमच्या गावात अजून कोणी 'नारिंग' म्हणत असेल तर ते नेमकं कोणतं फळ, गोड की आंबट, साल सुटी की घट्ट, एवढं कळवा. कोकण आणि बेळगावकडच्या मंडळींनी तर नक्कीच.