पाच व्होल्ट आधी, चित्र मागून

पार्लरमधले गेमचे बोर्ड घरच्या टीव्हीवर चालवायला मधे जो डबा लागतो त्याला सुपरगन म्हणतात. आमच्याकडे मुख्य काम टीव्ही आणि पॉवर सप्लायच्या दुरुस्तीचं. पण इंदूरची जुनी व्हिडिओ गेम पार्लरं बंद झाली तेव्हा माळ्यावर गेलेले बोर्ड आता पुढची पिढी खाली काढते आहे, त्यामुळे हेही काम येतं. गेल्या महिन्यात रामबागेतले एक काका आणि त्यांचा पुतण्या तीन बोर्ड आणि ऑनलाइन मागवलेला एक डबा घेऊन आले. पहिल्या बोर्डाचं चित्र येतं पण रंग फुटलेले, दुसरा दर दोन मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतो, तिसऱ्याला ना चित्र ना आवाज. काकांचा प्रश्न एकच होता: "बोर्ड गेलेत की डबा? आणि डबा गेला असेल तर दुसरा कोणता घेऊ?"

तिन्ही बोर्ड धडधाकट निघाले. एकाच डब्याने तिघांना तीन वेगळ्या कारणांनी अडवलं होतं. सुपरगन निवडताना काय काय तपासायचं ते या एका केसमध्ये सगळंच समोर आलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला बोर्ड मुस्तफाचा. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', पण आपल्याकडे त्याला मुस्तफा याशिवाय दुसरं नाव कोणी वापरलं नाही. हा बोर्ड नकली होता: मूळ बोर्डावरची क्यू-साउंड ही आवाजाची चिप नाही, तिच्या जागी ओकी कंपनीची एम-६२९५, आणि बॅटरी कुठेच नाही. इथे ते सोयीचंच. मूळ बोर्डात बॅटरीवर जपलेला डेटा असतो, बॅटरी संपली की तो जातो आणि बोर्ड बंद पडतो. दुसरा एसएनके कंपनीचा एमव्हीएस, म्हणजे कॅसेट बदलून वेगवेगळे गेम चालवणारा बोर्ड; हा एका कॅसेटचा. तिसरा मिडवेचा 'मॉर्टल कॉम्बॅट २'.

तिघांची कड, म्हणजे डब्याच्या कनेक्टरमध्ये बसते ती बाजू, सारखी: जॅमा, म्हणजे जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेली ५६ पिनांची जोडणी, दोन्ही बाजूंना २८-२८, दोन पिनांमधलं अंतर ३.९६ मिमी. सुटे भाग असलेल्या बाजूला आकडे, सोल्डरच्या बाजूला अक्षरं. कड सारखी म्हणजे बोर्डाची भूक सारखी, असा समज करून लोक डबा घेतात. गडबड तिथेच सुरू होते.

वीज देण्याआधी दोन कामं केली. कडेचे सोनेरी पट्टे पांढऱ्या खोडरबराने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले. पॉलिश पेपर इथे लावू नये, मुलामा निघून जातो आणि खालचं तांबं काळं पडतं. मग मीटरने ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रोध पाहिला. एक-दोन ओहमच दिसला तर बोर्डावर शॉर्ट आहे, आणि तो शोधल्याशिवाय सप्लाय लावायचा नाही. तिघांचाही ठीक होता. एमव्हीएसवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र कडेने हिरवी पडायला लागली होती. ती तिथल्या तिथे काढली आणि जागा आधी व्हिनेगरने, मग अल्कोहोलने धुतली. ही बॅटरी फुटली की तिचा रस आजूबाजूचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) खातो. एमव्हीएस घरी ठेवणाऱ्याने बाकी काही करण्याआधी हे काम करावं.

आता डबा. झाकण उघडल्याबरोबर निम्मं उत्तर मिळालं. जॅमात +५ व्होल्टसाठी चार पिना आहेत (३, ४ आणि त्यांच्या मागच्या सी, डी) आणि ग्राउंडसाठी आठ (१, २, २७, २८ आणि त्यांच्या मागच्या चार). इतक्या पिना ठेवल्या कारण बोर्ड दोन ते पाच अँपिअर ओढतो आणि तो प्रवाह वाटून जायला हवा. या डब्यात +५ ची एकच तार होती, ग्राउंडचीही एकच, आणि दोन्ही २६ गेजच्या, म्हणजे बारीक. या तारेचा रोध एक मीटर लांबीला साधारण ०.१३ ओहम. जाताना ४० सेंटिमीटर, येताना ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ ओहमच्या वर. एमव्हीएस ३ अँपिअर ओढत होता, म्हणजे तारेतच ०.३ व्होल्ट गेले. सप्लायच्या तोंडाशी मीटर ५.०४ दाखवत होता. बोर्डाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या ७४एलएस२४५ या चिपवर, २० नंबरच्या पायाला लाल आणि १० नंबरला काळा प्रोब लावला, तर ४.६८. या जातीच्या चिपांची मर्यादा ४.७५ ते ५.२५. गेममध्ये हालचाल वाढली की हा आकडा आणखी खाली डोलायचा आणि बोर्डाचा वॉचडॉग, म्हणजे गडबड झाली की बोर्ड पुन्हा सुरू करणारं सर्किट, रीसेट मारायचा. दर दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होण्याचं कारण इथे सापडलं.

पुतण्याने विचारलं, "सप्लायचा स्क्रू फिरवून ५.४ केला तर?" करू नये. जास्त ओढणाऱ्या बोर्डाला मग बरोबर मिळेल, पण कमी ओढणाऱ्याच्या चिपांवर थेट ५.३ जाऊन बसतील. उपाय तारांचा. आम्ही चारही +५ आणि आठही ग्राउंड पिनांना १८ गेजची जाड तार ओढली, लांबी २५ सेंटिमीटर. त्याच कोपऱ्यात ४.९७ आले. सप्लायच्या प्रीसेटने (व्होल्ट कमीजास्त करणारा तोच स्क्रू) ५.०३ वर नेले आणि एमव्हीएस दुपारभर अखंड चालला.

सप्लायबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सुपरगनच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो. तीन पर्याय आहेत. पहिला आर्केडचाच एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय): ५, १२ आणि −५ व्होल्ट, शिवाय पाचाला प्रीसेट. दुसरा मीन वेलच्या आरटी-६५ए सारखा तीन आउटपुटचा औद्योगिक सप्लाय. तो शांत आणि स्थिर असतो, पण ५ व्होल्टवर तो किती अँपिअर देतो हे बोर्डाच्या गरजेशी ताडून घ्यावं. तिसरा कॉम्प्युटरचा एटीएक्स. तो घरात पडलेला असतो म्हणून मोह होतो, पण त्याला पाचाची सेटिंग नसते आणि नव्या एटीएक्समध्ये −५ ची तारच येत नाही. ती हवी असेल तर त्याच्या −१२ वर ७९०५ रेग्युलेटर लावावा लागतो. कोणताही सप्लाय रिकामा तपासू नये. पाचावर १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर टाकून मगच मोजावा. आणि तिसऱ्या पिनेचं अर्थिंग खरोखर आहे ना ते पाहावं. जुन्या घरांत प्लगला तीन भोकं असतात पण मागे तार नसते, आणि मग धातूच्या कंट्रोलरला हात लावला की मुंग्या येतात.

−५ वरून तिसरा बोर्ड. मॉर्टल कॉम्बॅटला आवाज नव्हता तो याचमुळे: डब्यात ५ नंबरची पिन रिकामीच होती. बहुतेक बोर्डांना −५ लागत नाही, म्हणून स्वस्त डब्यांत ती गाळतात. आपल्या बोर्डाला लागते का हे ओळखायला भिंग पुरतं. ५ आणि ई या पिनांपासून ट्रॅक आत कुठे जातो ते पाहायचं. अँप्लिफायरकडे किंवा एखाद्या कपॅसिटरकडे जात असेल तर लागते, कडेलाच संपत असेल तर नाही. −५ जोडल्यावर आवाज लगेच आला.

चित्र मात्र अजून नव्हतं. बोर्ड आमच्या बाकावरच्या जुन्या २१ इंची ट्यूबच्या टीव्हीला लावला, आणि चित्र ठणठणीत. म्हणजे बोर्ड गेलेला नव्हता, नव्या टीव्हीला त्याची चाल मान्य नव्हती. मुस्तफा सेकंदाला ५९.६ च्या आसपास चित्रं देतो, एमव्हीएस ५९.२. मॉर्टल कॉम्बॅट देतो ५४.७. ट्यूबचा टीव्ही ५० आणि ६० दोन्ही झेलतो, त्यामुळे मधला आकडाही सहसा पकडतो. बोर्डाचं चित्र एलईडी टीव्हीला देणारा काकांकडचा छोटा कन्व्हर्टर फक्त ओळी दुप्पट करून, वेग तसाच ठेवून पुढे पाठवत होता, आणि एलईडी टीव्ही ५४.७ ला "सिग्नल नाही" म्हणत होता. ओएसएससी हा चांगला कन्व्हर्टरसुद्धा याच पद्धतीने काम करतो. त्यात उशीर जवळजवळ शून्य, पण अशा बोर्डाला टीव्ही साथ देईल की नाही ते टीव्हीवर अवलंबून. रेट्रोटिंक ५एक्ससारख्या यंत्रात चित्र आधी साठवून ६० च्या वेगाने देण्याची सोय आहे. हालचालीत किंचित अडखळ दिसते, पण चित्र येतं. ज्याच्याकडे मिडवेचे किंवा आयरेम कंपनीचे ५५ हर्ट्झचे (सेकंदाला ५५ चित्रांचे) बोर्ड आहेत त्याने कन्व्हर्टर निवडताना एवढी एकच गोष्ट विचारली तरी चालेल.

आता मुस्तफाचे फुटलेले रंग. आर्केड बोर्ड लाल, हिरवा, निळा हे सिग्नल पार्लरच्या मॉनिटरसाठी ३ व्होल्टच्या किंवा त्याहून जास्त जोराने सोडतो. घरच्या उपकरणाला ०.७ व्होल्ट हवेत, ७५ ओहमवर. या डब्याने ते थेट जोडले होते, म्हणून चेहऱ्यावरच्या छटा जाऊन सगळं पांढरट दिसत होतं. ३ व्होल्टचे ०.७ करायला मालिकेत साधारण २४५ ओहम लागतात, ४ व्होल्ट असतील तर साडेतीनशे. प्रत्येक बोर्डाचा जोर वेगळा, म्हणून ठरावीक रेझिस्टरऐवजी ५०० ओहमचे तीन प्रीसेट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) असलेली सुपरगन घ्यावी, आणि व्हिडिओ अँप्लिफायर असेल तर उत्तम. सिंकचंही तेच (सिंक म्हणजे चित्र आणि त्याची प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते सांगणारा सिग्नल). १३ नंबरच्या मागच्या पी पिनेवर पूर्ण टीटीएल पातळीचा, म्हणजे साधारण ५ व्होल्टचा, सिंक येतो. तो ४७० ओहममधून नेला की ७५ ओहमवर ०.७ च्या आसपास बसतो. न नेता थेट कन्व्हर्टरमध्ये घातला तर आज ना उद्या त्याचं इनपुट जाईल. आम्ही महाराणी रोडवरून रेझिस्टर आणि प्रीसेट आणून हे तात्पुरतं करून दाखवलं. पडद्यावर छटा परत आल्या तेव्हा काका खुर्ची पुढे ओढून बसले.

आवाजात एक खोच आहे. १० आणि एल या पिनांवर येतो तो स्पीकरसाठी वाढवलेला आवाज. टीव्हीच्या ऑडिओ इनपुटला तो फार मोठा. शिवाय काही बोर्डांचा अँप्लिफायर ब्रिज जातीचा असतो, त्याची उणे तारही जिवंत असते. ती ग्राउंडला बांधली की अँप्लिफायर गरम होऊन जळतो. चांगल्या सुपरगनमध्ये इथे १० ओहमचा भार आणि १:१ चा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. घेताना हे विचारावं. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर तो डबा सोडून द्यावा.

बटणांना फार वेळ लागला नाही. जॅमात प्रत्येक खेळाडूला तीनच बटणं. एमव्हीएस चौथं २५ नंबरवर घेतो. मॉर्टल कॉम्बॅटला पाच लागतात, त्यातली जास्तीची बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरवर, म्हणजे त्याची हार्नेस (तारांचा जुडगा) निराळी घ्यावी लागते. काही डबे चौथं, पाचवं, सहावं बटण २५, २६, २७ वर कायमचं बांधतात. २७ ही जॅमात ग्राउंडची पिन आहे. सहावं बटण तिथे बांधलेलं असेल तर बोर्ड ते सतत दाबलेलं ठेवतो. म्हणून या बटणांची जोडणी स्विचने तोडता यायला हवी. कंट्रोलरसाठी एसएनकेच्या निओ जिओ या घरगुती कन्सोलच्या धर्तीचं १५ पिनांचं सॉकेट असलेलं बरं, त्याला यूएसबी कंट्रोलर जोडून देणारे डिकोडर मिळतात.

आणि चावी. कनेक्टरच्या सातव्या जागी प्लास्टिकची चावी असते, बोर्डाला तिथे खाच असते. या डब्यात ती नव्हती. बोर्ड उलटा बसला तर ग्राउंड ग्राउंडवरच येतं, पण ६ नंबरचे १२ व्होल्ट जातात २३ नंबरवर, म्हणजे दुसऱ्या बटणाच्या इनपुटवर, आणि तिथली चिप क्षणात जाते. आम्ही चावी बसवली आणि कनेक्टरच्या वरच्या अंगाला "भागांची बाजू" असं मार्करने लिहिलं.

काकांना शेवटी सुचवलं ते असं. जुना डबा ठेवू नका, त्यात सुधारणा करून आर्केडचा सप्लाय बाहेरून लावला तरी ट्रान्सफॉर्मर आणि अँप्लिफायर यांची उणीव राहतेच. प्रीसेट, सिंकची सफाई, ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेला आवाज आणि स्विचने तोडता येणारी बटणं असलेली सुपरगन मागवा. होम आर्केड सिस्टम हा एक तयार पर्याय आहे. मिनीगन या सुपरगनचे नकाशे खुले आहेत, सोल्डरिंग येणाऱ्याला ती घरी बांधता येते. मॉर्टल कॉम्बॅट एलईडीवरच खेळायचा असेल तर चित्र साठवणारा कन्व्हर्टर घ्या. नाहीतर राजेंद्र नगरात भावाकडे पडून असलेला कॉम्पोनंट इनपुटचा ट्यूब टीव्ही आणा आणि आरजीबीवरून, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या सिग्नलवरून, कॉम्पोनंट करणारं छोटं सर्किट लावा, ते स्वस्तात पडेल आणि चित्र जास्त छान दिसेल. त्यांनी दुसरा मार्ग धरला. सुपरगन येईपर्यंत बोर्ड अँटिस्टॅटिक पिशव्यांत उभे ठेवायला सांगितले, आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावली: कोपऱ्यात मोजलेले व्होल्ट, −५ लागतात की नाही, चित्राचा वेग आणि कोणती हार्नेस.