ग्राहकसेवेचा विषय ठेवींच्या अहवालात कसा आला

कृष्णाकाठच्या एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी नियोजन विभाग सांभाळते. आमच्याकडे ग्राहकसेवा हा विषय अनेक वर्षे संचालक मंडळाच्या सभेच्या अगदी शेवटी, आयत्या वेळच्या विषयांच्या जरा आधी येत असे. तोपर्यंत कर्जमंजुऱ्या आणि वसुली यांवर सगळ्यांची शक्ती खर्च झालेली असे, आणि तक्रारींचा तिमाही तक्ता ‘नोंद घेतली’ या दोन शब्दांत आटोपत असे. पुढील तीन वर्षांच्या व्यवसाय आराखड्याबरोबर ग्राहकसेवेचे धोरणही सादर करावे, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मसुद्यावर अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला : “मॅडम, हे सगळं छान आहे, पण यानं आपल्या ठेवींना काय फरक पडणार?”

काही सहकाऱ्यांना हा प्रश्न कोरडा वाटला, मला तो रास्त वाटला. सहकारी बँकेला शेअर बाजारातून भांडवल उभे करता येत नाही, कर्जे द्यायची ती ठेवींच्या जोरावर, आणि त्या ठेवी कोणत्या दराने मिळतात यावर नफा ठरतो. त्यामुळे सेवा सुधारण्याचा खर्च मागायचा असेल तर ती सुधारणा कोणत्या ठेवीला, कोणत्या टप्प्यावर धरून ठेवते हे सांगता आले पाहिजे. फलक, सूचनापेटी आणि ‘ग्राहक हाच देव’ हे सुविचार यांचे उत्तर त्या प्रश्नाला पुरत नाही.

म्हणून मी आधी आराखडाच पुन्हा वाचला. त्यात ठेवी वाढवण्याचे उद्दिष्ट ठळक होते, पण माझ्या मते खरे उद्दिष्ट त्याखालच्या ओळीत होते : चालू आणि बचत खात्यांतील ठेवींचे एकूण ठेवींशी प्रमाण वाढवणे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नागरी बँकांचे ठेवींच्या आकारमानानुसार चार स्तर केले. १०० कोटींहून अधिक आणि १००० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका दुसऱ्या स्तरात येतात, आणि आमची बँक त्यांतलीच. वरच्या स्तरात जाताना नियमही कडक होतात, तेव्हा केवळ आकडा फुगवण्यासाठी जादा व्याजाच्या ठेवी गोळा करणे मार्चअखेरीला शोभून दिसते, पण एप्रिलपासून त्या ठेवींचे व्याज भरावे लागते. उदाहरण म्हणून, साडेसात टक्क्यांच्या मुदत ठेवीतील १ कोटी रुपयांऐवजी तेवढीच रक्कम तीन टक्क्यांच्या बचत खात्यांत असेल, तर वर्षाला साडेचार लाख रुपये वाचतात. ही रक्कम मंडळापुढे मांडली तेव्हा ग्राहकसेवेच्या चर्चेत प्रथमच कोणी कॅल्क्युलेटर काढला.

पुढचा प्रश्न असा की पैसे जातात कुठून आणि का. नव्या ठेवींचा अहवाल रोज सकाळी निघतो, गेलेल्या ठेवींचा अहवाल मात्र कोणीच मागितलेला नव्हता. कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांना जोडणाऱ्या संगणक प्रणालीत, खाते बंद करताना कारण लिहिण्याचा रकाना आहे, पण तो भरल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही म्हणून बहुतेक शाखांनी त्यात ‘वैयक्तिक’ हा शब्द टाकलेला होता. हा रकाना किती निरुपयोगी आहे हे पाहिल्यावर आम्ही बंद झालेल्या मोठ्या ठेवींची यादी काढली आणि शाखाधिकाऱ्यांना एकेका नावामागची हकीकत विचारली. शाखाधिकाऱ्यांना सगळे माहीत असते. फक्त ते कोणत्याही अहवालात उतरत नाही.

त्या हकीकतींतून काही कारणे अपेक्षेप्रमाणेच निघाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आल्यानंतर सहकारी बँकांच्या ठेवीदारांच्या मनात धास्ती बसली. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या रकमेची, मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली, आणि ती मुद्दल व व्याज मिळून असल्यामुळे जाणते ठेवीदार साडेचार लाखांच्या आसपास थांबून उरलेली रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवू लागले. यावर काउंटरवरच्या हसतमुख वागणुकीने फारसा फरक पडत नाही. तो ठेवीदाराचा शहाणपणा आहे, आणि त्याच्याशी भांडण्यात आम्ही वेळ घालवला नाही. ज्येष्ठ नागरिकांनी व्याजातून कर कापू नये यासाठीचा १५ एच फॉर्म वेळेवर न दिल्यामुळे कापला गेलेला कर हे आणखी एक कारण होते. त्याचा उपाय सोपा निघाला : वर्षाच्या सुरुवातीला शाखेनेच फोन करायचा.

पण यादीतील सर्वांत मोठ्या रकमा तिसऱ्याच कारणाने गेल्या होत्या. ठेवीदार वारले होते, आणि वारसांनी दावा निकाली निघताच संपूर्ण रक्कम बाहेर नेली होती.

यातली एक फाइल मी अथपासून इतिपर्यंत वाचली. निवृत्त शिक्षकांची मुदत ठेव होती, नॉमिनी म्हणून मुलीचे नाव रीतसर नोंदवलेले होते, मुलगी बंगळूरला नोकरीला. मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे पुरावे जोडलेले होते. तरीही शाखेने स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, गावातले दोन जामीनदार आणि भावाची ‘हरकत नाही’ अशी सही मागितली होती. भाऊ परदेशात. प्रत्येक त्रुटी वेगळ्या पत्राने कळवलेली, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’. दावा मंजूर झाल्यावर मुलीने रक्कम आपल्या बंगळूरच्या खात्यात वर्ग करून घेतली, वडिलांचे बचत खाते बंद केले, आणि लॉकर सोडताना आईचे खातेही सोबत नेले. वडिलांनी या बँकेत आयुष्यभर व्यवहार केला होता. तो संबंध कोणत्याही स्पर्धक बँकेने तोडला नव्हता, आमच्याच टाचणीने जोडलेल्या कागदांनी तो तुटला होता.

यातील चीड आणणारी गोष्ट अशी की हे कागद मागण्याची गरजच नव्हती. नॉमिनी किंवा हयात सहखातेदार असेल तर रकमेची मर्यादा न पाहता वारसा प्रमाणपत्र, हमीपत्र किंवा जामीनदार मागू नयेत, आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, हे रिझर्व्ह बँकेने २००५ पासून सांगितले आहे. शाखांना परिपत्रक माहीत नव्हते असेही नाही, ते फाइलला लावलेले होते. भीती वेगळी होती : उद्या दुसरा वारस कोर्टात गेला तर सही कोणाची होती हे विचारले जाईल.

म्हणून कायदा सल्लागारांना बरोबर घेतल्याशिवाय हे काम पुढे सरकणार नव्हते. त्यांचे सुरुवातीचे मत ‘सावधगिरीने चालावे’ असे होते, जे सल्लागारांचे नेहमीच असते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ झेडए प्रमाणे नॉमिनीला दिलेल्या रकमेने बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, आणि न्यायालयाचा मनाई आदेश हातात नसताना रक्कम अडवून ठेवण्यात उलट धोका आहे, हे त्यांच्याकडूनच लेखी घेतले. ते एक पान सर्व शाखांना गेले, त्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची सही होती, आणि माझ्या अनुभवात शाखाधिकाऱ्यांचे वर्तन प्रशिक्षणापेक्षा त्या सहीने अधिक बदलले.

त्यानंतर मापाचा प्रश्न आला. एका सल्लागाराने ‘नेट प्रमोटर स्कोअर’ सुचवला होता. २००३ मध्ये व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकहेल्ड यांनी मांडलेली ही पद्धत आहे : बँकेची शिफारस कराल का, याला शून्य ते दहा गुण द्यायचे, नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्क्यांतून शून्य ते सहा देणाऱ्यांचे टक्के वजा करायचे. मोठ्या शहरांत ती उपयोगी पडत असेल. आमच्याकडे पासबुक भरून देणारा कारकून समोर बसलेला असताना कोणीही दहाच गुण देतो, कारण त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात असतो. भिडेपोटी दिलेले गुण मंडळापुढे नेण्यात मला अर्थ वाटला नाही. त्याऐवजी मी एक साधे माप सुचवले : मयत खातेदाराचा दावा निकाली निघाल्यावर ९० दिवसांनी त्या रकमेपैकी किती रक्कम, कोणत्याही नावाने, आपल्या बँकेत आहे. याच धर्तीवर दुसरे माप मुदत संपलेल्या ठेवींच्या नूतनीकरणाचे. दोन्ही मापे मासिक ठेव अहवालातच, नव्या ठेवींच्या खालच्या ओळीत दाखवायची. वेगळा ग्राहकसेवा अहवाल काढायचा नाही, कारण वेगळा अहवाल वेगळ्या कपाटात जातो.

यावर वसुली विभागाचे म्हणणे असे होते की शाखाधिकाऱ्याला एवढा वेळ नसतो, आणि ते खोटे नव्हते. ज्या माणसाला मार्चअखेरीला थकबाकीदाराच्या दारात उभे राहायचे आहे, त्याला वारसाच्या घरी सांत्वनाला जा असे सांगताना त्याच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या कामाला जागा असली पाहिजे. बरीच घासाघीस होऊन तक्त्यात नव्या ठेवींचे गुण थोडे कमी झाले आणि टिकलेल्या ठेवींना गुण मिळाले. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत अवघड आणि सर्वांत निर्णायक काम हेच होते. धोरणाचा मसुदा कितीही नेटका असला, तरी शाखेत ज्याचे गुण मिळतात तेच केले जाते.

प्रत्यक्ष कामात दावा आल्याबरोबर सर्व आवश्यक कागदांची एकच यादी, एकाच वेळी, मराठीत देणे सुरू झाले. बाहेरगावच्या वारसांशी मुख्य कार्यालयातील एक ठरावीक व्यक्ती फोनवर बोलते. ज्या खात्यांना नॉमिनी नाही त्यांची यादी पिग्मी एजंटांकडे दिली, कारण घराघरात रोजचे पाऊल त्यांचेच असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमण्याची सोय झाल्यामुळे त्यांना बोलायला विषयही मिळाला.

सगळ्या वारसांची रक्कम थांबते असे नाही, आणि थांबावी अशी अपेक्षाही नाही. ज्याला पुण्यात घराचे हप्ते भरायचे आहेत तो पैसे नेणारच. मात्र मागे राहिलेल्या आईचे किंवा वडिलांचे बचत खाते आता सहसा बंद होत नाही, आणि कमी खर्चाच्या ठेवी म्हणून आराखड्यात जे लिहिले होते ते मुख्यतः हेच. मंडळाच्या सभेत ही ओळ आता दुसऱ्या क्रमांकाच्या विषयात येते आणि तिच्यावर प्रश्न विचारले जातात, काही वेळा टोचणारेही.

सध्या हीच पद्धत आम्ही कर्जाच्या बाजूला लावून पाहत आहोत. कर्ज पूर्ण फेडल्यावर तारण मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न दिल्यास, विलंब बँकेमुळे झाला असेल तर, दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. या विषयात सेवेचा संबंध नफ्याशी कसा, हे मंडळाला समजावून सांगावे लागले नाही. अडचण इतकीच आहे की जुने खरेदीखत नेमके कोणत्या शाखेच्या कोणत्या तिजोरीत आहे याची नोंदवही अजून पूर्ण झालेली नाही, आणि ती पूर्ण करण्यासाठी माणूस कोणत्या विभागाने द्यायचा यावर गेल्या सभेत एकमत झाले नाही.