वाकलेले खांब आणि एक छोटी खिडकी : विल्टशरमधले दोन दिवस

लेकीकडे रीडिंगला महिनाभर राहायचं ठरलं, तेव्हाच मी तिला सांगून ठेवलं होतं की लंडन नंतर बघू, आधी मला विल्टशरला ने. स्टोनहेंजचे फोटो लहानपणापासून बघत आले होते. ते प्राचीन शिळावर्तुळ याच परगण्यात आहे. पण तिथून परतल्यावर मनात राहिलं ते सॉल्झबरीचं कॅथीड्रल, म्हणजे तिथलं मुख्य मोठं चर्च.

पहिल्या दिवशी सकाळी स्टोनहेंज. एरवी शिळांच्या अगदी जवळ जाता येत नाही, दोरीच्या बाहेरून फेरी मारायची. थोडी हुरहुर लागते, पण लेकीने दुर्बीण आणली होती आणि तिचाच उपयोग झाला. सगळ्यांत उंच उभ्या शिळेच्या माथ्यावर एक टेंगूळ दिसतं. त्याच्यावर कधीकाळी आडवी शिळा बसवलेली होती. सुतार लाकडात खुंटी आणि खाच करून सांधा जुळवतो, तसाच सांधा इथे दगडात आहे. ती खुंटी वेगळी करून बसवलेली नाही. तेवढी ठेवून भोवतीचा सगळा दगड ठोकून ठोकून काढला आहे, तोही साडेचार हजार वर्षांपूर्वी, दगडाच्याच हातोड्यांनी. मोठ्या शिळा साधारण २५ किलोमीटरवरून आणल्या, लहान निळसर शिळा थेट वेल्सच्या डोंगरांतून. १९१५ मध्ये ही जागा चक्क लिलावात निघाली होती. सेसिल चब नावाच्या स्थानिक गृहस्थांनी ती ६,६०० पौंडांना घेतली आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकली. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

दुपारी ओल्ड सेरमची टेकडी. वारा असा की पदर सावरता सावरेना. किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत आणि खाली गवतात जुन्या कॅथीड्रलच्या पायाची आकृती. गाव इथून खाली नदीकाठी, आजच्या सॉल्झबरीत उतरलं, टेकडी ओस पडली, तरी १८३२ पर्यंत या ओसाड जागेतून पार्लमेंटवर दोन खासदार जात राहिले! सतराव्या शतकाच्या शेवटी ही जमीन टॉमस पिटने विकत घेतली. हिंदुस्थानच्या व्यापारात गबर झालेला हा माणूस पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. गोवळकोंड्याच्या खाणीतला मोठा हिरा त्याने तिथेच विकत घेतला आणि नंतर फ्रान्सच्या राजघराण्याला विकला. आज तो पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये याच टेकडीच्या जागेवरून निवडून आला आणि पुढे पंतप्रधान झाला. त्या गवतात उभं राहून कृष्णाकाठच्या खाणी आठवल्या आणि मन खिन्न झालं.

सॉल्झबरीला मात्र घाईने जाऊ नका. आम्ही तीन तास होतो, तरी ते कमी पडले.

१२२० मध्ये बांधकाम सुरू झालं आणि ३८ वर्षांत मुख्य इमारत उभी राहिली. त्या काळच्या मानाने हा वेग थक्क करणारा आहे. म्हणूनच सगळी वास्तू एकाच हातची वाटते. मग काही दशकांनी, चौदाव्या शतकात, तिच्यावर मनोरा आणि टोकदार शिखर चढवलं. उंची १२३ मीटर, इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त. वजन सुमारे साडेसहा हजार टन. आणि खालचा पाया जेमतेम चार फूट खोल, नदीकाठच्या ओल्या रेताड खडीवर टेकलेला.

मधल्या चौकातल्या खांबाशी उभं राहा, खांबाला गाल टेकवा आणि नजर वर वर न्या. काळपट पर्बेक दगडाचा तो सडपातळ खांब वाकलेला दिसतो. ओझ्याने वाकलेला, स्पष्ट, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका. मी हात लावून पाहिला, गार आणि गुळगुळीत. पोटात कालवलं. १६६८ मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनने मोजणी केली, तेव्हा शिखराचं टोक सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर कललेलं निघालं. फरशीत त्याची पितळी खूण आहे. तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी आम्हाला जमिनीतलं छोटंसं झाकण दाखवलं. त्यातून काठी खाली सोडून पाण्याची पातळी बघतात. खडी ओली राहिली पाहिजे, ती कोरडी पडली तर पाया खचेल. विहिरीत दोर सोडून पाणी किती आहे ते बघावं, तसं इतक्या मोठ्या देवळाचं आरोग्य एका काठीवर बघतात!

बाजूच्या आठकोनी सभागृहात १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद आहे. उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी सर्वांत सुस्थितीतली ही प्रत. अक्षर इतकं बारीक आणि एकसारखं की लिहिणाऱ्याच्या बोटांची दया येते. आणि तबकडी नसलेलं, नुसते तासाचे टोले देणारं, १३८६ च्या सुमाराचं लोखंडी घड्याळही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी एव्हबरी. इथलं शिळावर्तुळ जगात सर्वांत मोठं, इतकं की अर्धं गाव त्याच्या आत आहे. तिकीट नाही, दोरी नाही, मेंढ्या चरत असतात. आदल्या दिवशीची माझी हुरहुर इथे फिटली. खडबडीत शिळेला पाठ टेकवून मी बराच वेळ बसले. अठराव्या शतकात लोकांनी यातल्या कित्येक शिळा आगीत तापवून, वर गार पाणी ओतून फोडल्या आणि घरं बांधली. ते वाचून फार वाईट वाटलं.

शेवटचा मुक्काम लेकॉक ॲबी. एला नावाच्या सरदारपत्नीने नवऱ्यामागे १२३२ मध्ये हा मठ स्थापन केला. तिच्या नवऱ्याची, विल्यम लाँगस्पीची समाधी आम्ही आदल्या दिवशी सॉल्झबरीत पाहिली होती. पुढे मठाचं राहतं घर झालं आणि १८३५ च्या ऑगस्टमध्ये तिथे राहणाऱ्या, छायाचित्रणाचे प्रयोग करणाऱ्या फॉक्स टॅल्बटने एका खिडकीचं चित्र कागदावर उमटवलं. आज टिकून असलेली जगातली सर्वांत जुनी फोटो निगेटिव्ह तीच. आकाराने टपाल तिकिटाएवढी. भिंगातून पाहिलं तर त्यातल्या सुमारे दोनशे काचा मोजता येतात, असं त्याने स्वतः शेजारी लिहून ठेवलं होतं.

खिडकी तशीच आहे. चौकोनी काचांची, मला वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान. लेकीने मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि खालच्या ओळीपासून एकेक काच मोजायला लागली.