‘सेंत्सा सॉर्दीनो’ने पाहिलेला अंत

बेथोव्हनच्या ‘मूनलाइट’ या पियानो सोनाटाची पहिली मूव्हमेंट (पहिला भाग) वाजवायला घेतलीत आणि पानाच्या डोक्यावर ‘सेंत्सा सॉर्दीनो’ दिसलं, तर क्लासच्या यादीत अर्थ शोधत बसू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या यादीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

यादी म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. डावीकडे इटालियन शब्द, उजवीकडे एका शब्दात अर्थ. थिअरीच्या पाचव्या ग्रेडसाठी ती घोकून घेतात. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडच्या प्रॅक्टिकलकडे जाताना बहुतेकांना ही परीक्षा द्यावीच लागते. घोकलं, परीक्षा दिली, पास झाले. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

गाडी अडली ती प्रत्यक्ष वाजवताना. यादीप्रमाणे सेंत्सा म्हणजे शिवाय आणि सॉर्दीनो म्हणजे म्यूट. म्हणजे म्यूटशिवाय वाजवा. आता पियानोत म्यूट कुठला? क्लासमधल्या अपराइट पियानोला मधलं एक पेडल आहे. ते दाबलं की हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टची पट्टी उतरते आणि आवाज दबतो. रात्री रियाज करताना शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून. सर म्हणाले, “तेच म्यूट. ते दाबायचं नाही, संपलं.” अहो, पण ते पेडल मैफलीत कोण दाबतं? जी गोष्ट कुणी करणारच नाही ती करू नका, असं कुणी पानाच्या डोक्यावर लिहून ठेवेल? आणि तेही ‘हा सगळा तुकडा अत्यंत नाजूकपणे’ अशा सूचनेच्या जोडीला? मी पुन्हा विचारलं. “परीक्षेत एवढं खोलात विचारत नाहीत.” ऑफिसात विचारलं, तर “सर बघतील.” सरांकडे गेले, तर “ऑफिसात नवी यादी आली असेल.” नवी यादी आली नव्हती.

बॅचमधली एक मुलगी म्हणाली, डावं पेडल असणार, त्यानंही आवाज मऊ होतो. तेही पटेना. डाव्या पेडलसाठी स्वतंत्र शब्द आहेत: ‘उना कोर्दा’, म्हणजे एक तार, आणि सोडायचं असेल तर ‘त्रे कोर्दे’. (ग्रँड पियानोवर ते पेडल दाबलं की हातोड्या बाजूला सरकतात. जुन्या पियानोत त्या खरंच एका तारेवर नेता यायच्या. आज तिनांतल्या दोन तारांवर बसतात, नाव मात्र तेच राहिलं.) मग ओळखीच्या एका गोव्याच्या व्हायोलिनवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, सॉर्दीनो म्हणजे ब्रिजवर (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवर) बसवायची चिमटी, लावली की सूर घुसमटतो. व्हायोलिनसाठी शंभर टक्के बरोबर. म्हणजे यादी चूकही नव्हती, फक्त कुठल्या वाद्यासाठी हे सांगायची तसदी तिनं घेतली नव्हती.

सुटका झाली ती पियानोचा ट्यूनर आला तेव्हा. त्यानं पुढची फळी काढून बाजूला ठेवली होती. मी म्हटलं, दादा, एक मिनिट तसंच राहू द्या. उजवं पेडल दाबलं. तारांना चिकटून बसलेली फेल्टच्या तुकड्यांची अख्खी रांग एकदम मागे सरली. एक सूर वाजवला, बोट उचललं, तरी तार गुंजत राहिली, तिच्याबरोबर आजूबाजूच्या ताराही. पाय काढला, रांग परत चिकटली, आवाज जागच्या जागी बंद. बेथोव्हनचे सॉर्दीनो म्हणजे हे डँपर, तारांचा आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे! डँपरशिवाय वाजवा, म्हणजेच उजवं पेडल दाबून वाजवा. आणि क्लासमध्ये आम्ही सगळे, ‘शिवाय’ लिहिलंय म्हणून, कुठल्याच पेडलला पाय न लावता ती मूव्हमेंट खडखडीत कोरडी वाजवत होतो.

अर्थात पेडल शेवटपर्यंत दाबून ठेवलंत तर आजच्या पियानोवर गोंधळ होतो. हा सोनाटा छापला गेला १८०२ साली, तेव्हाच्या पियानोत सूर लवकर विरायचा. आता तिसऱ्या बारमध्येच (बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) डाव्या हाताचे सूर एकमेकांत कालवले जातात. म्हणून खालचा सूर बदलला की पेडल बदला; पूर्ण सोडण्याऐवजी अर्धवट उचललं तर आणखी छान.

बाकी शब्दांचं सांगायचं तर मोठ्या शब्दांआधी बारके पाठ करा: पोको (थोडं), प्यू (अधिक), मेनो (कमी), मोल्तो (खूप), कोन (सह), सेंत्सा (शिवाय), मा नोन त्रोप्पो (पण फार नको). हे आले की ‘मेनो मोस्सो’ (कमी वेगानं) पाहून छातीत धडकी भरत नाही. ‘पियानो’समोर ‘हळू’ लिहू नका, ‘लहान आवाज’ लिहा. आमच्या यादीत पियानोही हळू आणि लेंतोही हळू, त्यामुळे लहान मुलं नाजूक जागा आली की लय पाडायची. ‘८व्हा’नंतर (म्हणजे एक सप्तक वर वाजवा, या खुणेनंतर) ‘लोको’ दिसलं तर सूर पुन्हा लिहिलेल्या जागीच वाजवायचे, हे यादीत नव्हतंच. आणि हो, शेपटीकडे बघा: ‘-एत्तो’ मूळ शब्दाची धार कमी करतो, म्हणून अलेग्रेत्तो हा अलेग्रोपेक्षा (म्हणजे जलदपेक्षा) संथ, पण लार्गेत्तो लार्गोपेक्षा (म्हणजे अगदी संथपेक्षा) जलद.

आंदान्तीनोला मात्र हे गणित लागू पडत नाही. तो आंदान्तेपेक्षा (म्हणजे चालण्याच्या मध्यम गतीपेक्षा) जलद की संथ, यावर जुन्या काळी एकमत नव्हतं. खुद्द बेथोव्हननं १८१३ मध्ये थॉमसन नावाच्या स्कॉटिश प्रकाशकाला पत्रातून विचारलं होतं की तुम्हाला नेमकं काय अभिप्रेत आहे ते कळवत जा. आज बहुधा ‘थोडा जलद’ असाच घेतात. पेपरात तेच लिहा, वाद निकाल लागल्यावर घाला.