चान्स घ्यायचाय, पण गोळ्या चालू आहेत

अँक्झायटीची गोळी चालू आहे आणि आता बाळाचा विचार सुरू झालाय, अशा बायकांसाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, नाशिकमध्ये नोकरी करणारी साधी बाई आहे, पण गेले काही महिने या विषयात इतकी बुडाले होते, दोन डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की जे कळलं ते सांगून टाकावंसं वाटतंय. मराठीत यावर कोणी धड बोलत नाही. बोलतात ते एकच, "गोळ्या बंद कर, मग चान्स घ्या."

माझं सांगायचं तर मला जनरलाइज्ड अँक्झायटी आहे आणि त्यात पॅनिक अटॅक. म्हणजे काहीही कारण नसताना छातीत धडधड, हातपाय गार, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं, एकदोनदा हार्ट अटॅक समजून ईसीजी पण काढून झाला. मग पॅरोक्सेटिन सुरू झालं, हे डिप्रेशनचं औषध, पण अँक्झायटीलाही देतात, सीआर १२.५ (सीआर म्हणजे शरीरात हळूहळू सुटणारी गोळी), आणि आपल्याकडे बऱ्याचदा देतात तसं त्याच गोळीत क्लोनाझेपाम ०.५, म्हणजे मन शांत करणारं औषध, मिसळलेलं. आणि खरं सांगते, त्या गोळीने मला माणसात आणलं, मी परत एकटीने ट्रेनने मुंबईला जाऊ लागले. म्हणून "बंद कर" हे ऐकलं की पोटात गोळाच यायचा.

पहिल्यांदा ज्या गायनॅककडे गेलो त्यांनी प्रिस्क्रिप्शन बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, हे सगळं बंद करा, मग या. कसं बंद करायचं, किती दिवसांत, मध्ये त्रास झाला तर काय, काही नाही. मला हे आजही चुकीचं वाटतं आणि ज्या ज्या मैत्रिणीला असं सांगितलं गेलंय तिला मी हेच म्हणते की अगं एकदम काहीही बंद करू नकोस. पॅरोक्सेटिन एकदम थांबवलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येतात, आणि क्लोनाझेपाम बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते. ही काही घाबरवायची गोष्ट नाही, पण माहीत असायलाच हवी.

मग माझ्या सायकॅट्रिस्ट मॅडमकडे नवऱ्याला घेऊन गेले. त्या पहिलंच वाक्य बोलल्या ते असं की "तुम्ही औषध विरुद्ध बिनऔषध असा हिशोब मांडताय, पण तसा पर्यायच नाहीये, औषध विरुद्ध आजार असा हिशोब आहे." म्हणजे गोळी बाळापर्यंत पोचते हे खरंच, पण अँक्झायटी पण पोचतेच ना. झोप नाही, अन्न जात नाही, वजन वाढत नाही, अपॉइंटमेंटला जायची भीती, आणि गरोदरपणात अँक्झायटी जोरात असेल तर बाळंतपणानंतर डिप्रेशन यायची शक्यता वाढते, लवकर डिलिव्हरी आणि कमी वजनाचं बाळ याच्याशीही तिचा संबंध दिसलेला आहे. २००६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, आधीपासून डिप्रेशनचा आजार असलेल्या बायकांचा, त्यात गरोदरपणात औषध थांबवलेल्यांपैकी ६८ टक्के जणींचा आजार परत आला आणि चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के जणींचा. तो डिप्रेशनचा आहे, अँक्झायटीचा नाही, आणि बायकाही जेमतेम २०० होत्या, तरी आकडा बघून नवरा गप्प झाला. तोपर्यंत त्यालाही मनातून वाटत होतं की नऊ महिने हिने कसंतरी काढावेत.

आता मुख्य मुद्दा, कुठली गोळी. गर्भधारणेच्या आधी हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मॅडमचं म्हणणं, कारण दिवस गेल्यावर औषध बदललं तर बाळाला एक सोडून दोन औषधं लागतात, वर नवीन औषध लागू पडेल की नाही ते पण माहीत नाही. आणि बाळाचे अवयव बनायचं मोठं काम पहिल्या काही आठवड्यांतच होतं, मणक्याची नळी, जिच्यापासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती तर गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, तोपर्यंत बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. त्यामुळे "प्रेग्नंट झाले की बघू" हे चालत नाही.

पॅरोक्सेटिनचं असं आहे की २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्यावर इशारा दिला, पहिल्या तीन महिन्यांत घेतलं तर बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका थोडा वाढू शकतो म्हणून. नंतर २०१४ मध्ये साडेनऊ लाख गरोदर बायकांच्या नोंदी बघितल्या गेल्या तेव्हा डिप्रेशनच्या औषधांमुळे हृदयदोष ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत, पॅरोक्सेटिनचाही तसा वेगळा धोका दिसला नाही. म्हणून एखादी बाई आधीच गरोदर आहे आणि पॅरोक्सेटिनवर छान स्थिर आहे तर तिने रात्रीची झोप उडवून घेऊ नये, डॉक्टरांशी बोलावं. पण माझ्यासारखीला, जिच्या हातात अजून वेळ आहे, तिला दुसरा चांगला पर्याय असताना हेच का ठेवायचं, असा साधा विचार. आणि हे पण लक्षात ठेवायचं की काहीही औषध न घेणाऱ्या बायकांतसुद्धा १०० मध्ये २-३ बाळांना काही ना काही जन्मजात दोष असतोच. शून्य धोका कुणालाच मिळत नाही. हे वाक्य मला तेव्हा कठोर वाटलं, पण नंतर त्यानेच धीर आला.

पर्याय काय काय होते? फ्लुओक्सेटिन जुनं आहे, गरोदरपणातली माहिती भरपूर, पण ते शरीरात खूप काळ रेंगाळतं, बंद केल्यावरही कित्येक आठवडे, आणि आईच्या दुधात इतरांपेक्षा जास्त उतरतं. व्हेन्लाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, आणि माझ्या आईला बीपी आहे, मोठ्या बहिणीला तर गरोदरपणातच वाढलं होतं, म्हणून ते नको. एसिटालोप्राम चांगला पर्याय होता, अँक्झायटीला छान लागू पडतं, आणि मॅडम म्हणाल्या तुम्ही आधीपासून त्याच्यावर बऱ्या असता तर मी हातसुद्धा लावला नसता. हे मला फार पटलं. म्हणजे यादीत पहिलं औषध कुठलं यापेक्षा तुम्हाला कुठलं लागू पडलंय हे आधी. ज्या बाईला एसिटालोप्रामने बरं वाटतंय तिने केवळ कुठेतरी वाचलं म्हणून सर्ट्रालिन हे दुसरं औषध मागायला जाऊ नये.

मला मात्र बदलायचंच होतं, तर सर्ट्रालिन ठरलं. कारण ते नाळेतून तुलनेने कमी जातं, दुधात इतकं कमी उतरतं की दूध पिणाऱ्या बाळांच्या रक्तात बऱ्याचदा सापडतही नाही, आणि पॅनिकवर ते चालतं. दूध पाजायचं तर परत औषध बदला, ही भानगड नाही.

धोके मॅडमनी लपवले नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त विश्वास बसला. शेवटच्या महिन्यांत ही सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिनसारखी, एसएसआरआय नावाच्या गटातली औषधं घेतलेल्या आयांच्या साधारण तीनातल्या एका बाळाला जन्मल्यावर थोडा त्रास होतो, चिडचिड, थरथर, नीट दूध न ओढणं, श्वास जरा जोरात, आणि तो बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप जातो. बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तदाबाचा एक गंभीर आजार आहे, तो एरवी हजारात साधारण २ बाळांना होतो, या औषधांबरोबर हजारात ३ च्या आसपास, हे २०१५ मधल्या अडतीस लाख गरोदरपणांच्या अभ्यासातून आलेलं आहे. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव किंचित जास्त होऊ शकतो, म्हणून गायनॅकला गोळीची माहिती हवीच. ऑटिझमबद्दल मी स्वतःच विचारलं, कारण या गोळ्यांनी बाळाला ऑटिझम होतो असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. तर २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासांत एकाच आईच्या भावंडांची तुलना केली, एका वेळी औषध घेतलेलं आणि एका वेळी नाही, तेव्हा तो फरक उरला नाही. म्हणजे गोळीपेक्षा आईचा आजार आणि घराण्यातून आलेल्या गोष्टी यांचाच तो परिणाम असावा.

बदलायचा काळ सोपा नव्हता. एकत्र गोळीची अडचण अशी की दोन्ही औषधं एकाच गोळीत बांधलेली, एक कमी करायचं आणि दुसरं ठेवायचं असं जमत नाही, वर सीआर गोळी तोडायची पण नसते. म्हणून आधी दोन्ही वेगळ्या गोळ्या करून घेतल्या, मग सर्ट्रालिन २५ पासून हळूहळू वर आणि पॅरोक्सेटिन हळूहळू खाली, आणि ते झाल्यावर क्लोनाझेपाम अगदी थोडं थोडं करून. सुरुवातीला पोट बिघडलं, जुलाब, भूक नाही, आणि अँक्झायटी उलट वाढल्यासारखी वाटली. हे होतं हे आधी सांगितलेलं होतं म्हणून टिकले. ज्यांना सांगितलेलं नसतं त्या इथेच सोडून देतात.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून बोलते. या गोळ्यांनी इच्छा कमी होते, आणि चान्स घ्यायच्या काळात नेमकं तेच अवघड होऊन बसतं, नवराबायकोत विनाकारण अबोला येतो. डॉक्टरांना सांगा. डोसची वेळ, डोस, काहीतरी बघता येतं. लाजून गोळी बंद करण्यापेक्षा ते बरं.

घरच्यांचं म्हणाल तर सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "अगं त्या डोक्याच्या गोळ्या सोड, मी अश्वगंधा आणते, नैसर्गिक आहे." मी त्यांना बसवून सांगितलं, आई, अश्वगंधा गरोदरपणात टाळायलाच सांगतात, नैसर्गिक आहे म्हणून बाळाला चालेल असं नसतं. त्यांना पटायला वेळ लागला. शेवटी मी त्यांच्या थायरॉइडच्या गोळीचं विचारलं, तुम्ही ती सोडाल का? त्या म्हणाल्या, ती तर रोजची आहे. मग म्हटलं माझी पण रोजचीच आहे. त्या दिवसापासून रात्री त्याच विचारतात, घेतलीस का.

बाकी तयारी थोडक्यात. फॉलिक अॅसिड आधीपासूनच सुरू केलंय. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ तपासलं, कारण हे बिघडलं की धडधड आणि थकवा येतो आणि आपण अँक्झायटीच समजत बसतो. सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या थेरपीची, सेशन्स ऑनलाइन घेतेय, त्याचा उपयोग मला वाटला त्याहून जास्त झाला, आणि सौम्य अँक्झायटी असेल तर काही जणींना नुसत्या त्यावरही निभावता येतं. एक मात्र अगदी कळकळीने सांगते, कुणाला मूड स्थिर ठेवायला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आजच सायकॅट्रिस्टशी बोला, त्याने बाळाच्या मणक्याला आणि मेंदूच्या वाढीला खराखुरा मोठा धोका आहे, ते बाकीच्या औषधांच्या रांगेत बसत नाही. पण तेही मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि गावात सायकॅट्रिस्टच नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत तर गरोदर आणि बाळंतिणींच्या मानसिक आजारांसाठी वेगळा विभागच आहे.

आता सर्ट्रालिनवर स्थिर आहे. मॅडमनी सांगितलंय तीनेक महिने असंच चांगलं गेलं की चान्स घ्या. गायनॅक आम्ही बदलल्या, नवीन मॅडमनी स्वतः सायकॅट्रिस्टना फोन केला. पोटातलं बाळ वाढेल तसा डोस कदाचित वाढवावा लागेल, डिलिव्हरीच्या आधी मनानेच बंद करायची नाही, बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं आणि बाळावर दोनतीन दिवस नीट लक्ष ठेवायचं, एवढं ठरलंय.

अडलं होतं ते एकाच ठिकाणी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझं माहेर तालुक्याच्या गावी, तिथे सायकॅट्रिस्ट नाही, आणि बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे माझ्यासारखीला सगळ्यात जपायचे. झोप मोडली की माझी अँक्झायटी उसळते हे मला पक्कं माहीत आहे. आईला फोनवर हे सांगताना मला वाटलं ती दुखावेल. ती म्हणाली, "मग मीच येते की तिकडे, डिंकाचे लाडू नाशकात पण होतात." रात्रीचं एक दूध काढून ठेवायचं आणि ते आई किंवा नवरा पाजेल, म्हणजे मला सलग चारपाच तास झोप मिळेल, असं आत्ताच ठरवून ठेवलंय. सासूबाईंना अजून सांगायचंय.