दात कापले, मुळं ठेवली

वरची कवळी आणि खालची कवळी यांतला फरक लावणाऱ्यालाच कळतो. वरची टाळूला धरून बसते. माझी बसली आहे, कित्येक वर्षांत तक्रार नाही. खालचीला धरायला जागाच नसते. मध्ये जीभ वळवळते, बाहेरून गाल ओढतात आणि बसायला म्हणून हाडाची एक अरुंद कड. माझ्या थोरल्या बहिणीचे, तासगावच्या अक्काचे, खालचे सगळे दात एकदम काढले होते. सुरुवातीला बरं चाललं. मग ती कड झिजत गेली आणि आता तिची कवळी तोंडात ओल्या साबणासारखी निसटते. लग्नकार्यात फोटोपुरती लावते, पंगत बसली की काढून रुमालात.

त्यामुळे माझी वेळ आली तेव्हा मी आधीच धास्तावले होते. खाली उरले होते दोन सुळे, एक छोटी दाढ आणि पुढचे हलणारे तीन दात. सांगलीतच एका दवाखान्यात दाखवलं. पटकन बघून डॉक्टर म्हणाले, "बाई, यात काही राहिलं नाही. सगळे काढू आणि कवळी करू. नाहीतर इम्प्लांट." इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायच्या दातांचा, आकडा पेन्शनीत बसणारा नव्हता. म्हणून आमच्या भागातली माणसं जे करतात तेच केलं. मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून इथे दुखणं अडलं की मिरज गाठायची. आम्हीही गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. तोंड उघडायला सांगण्याआधी त्यांनी औषधांची यादी मागितली. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल मी आठवड्यातून एक गोळी घेते, उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ती. त्या नावावर त्यांनी पेनानं गोल केला. अशा औषधांवर असलेल्यांचा दात काढला तर क्वचित कधी जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं राहतं. क्वचितच, पण म्हणून जखमा जितक्या कमी तितकं बरं. गोळी सुरू करून देणाऱ्या डॉक्टरांशी त्या स्वतः फोनवर बोलल्या.

मग पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ओपीजी. पडद्यावर त्यांनी दाखवलं: मागे जिथले दाढा-दात पूर्वीच गेले होते तिथे हाड खाली बसलेलं, आणि सुळ्यांपाशी मात्र उंच. "हे उंच हाड सुळ्यांमुळे आहे. ते काढले की हेही खाली येईल." तीन हलणारे आणि मुळाशी पू झालेली दाढ काढायची. सुळ्यांचा वरचा भाग किडला होता, पण मुळं लांब आणि घट्ट. वरचा भाग कापायचा, मूळ ठेवायचं, त्यावर कवळी. याला ओव्हरडेंचर म्हणतात.

मी गणिताची शिक्षिका होते, मला कारण लागतं. त्यांनी ते सांगितलंही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. चावताना त्या तंतूंवर ताण येतो आणि हाडाला काम मिळतं. दात गेला की काम संपतं, शरीर ते हाड हळूहळू परत घेतं. पहिल्या वर्षात झपाट्यानं, पुढे सावकाश, पण थांबत नाही. आणि खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा सुमारे चौपट. टॅलग्रेन या दंतसंशोधिकेनं २५ वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवून १९७२ साली हे मांडलं. मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन आकडे लिहिले, १९७८ च्या एका अभ्यासातले. पाच वर्षांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड साध्या कवळीवाल्यांत सरासरी ५.२ मिलिमीटर उतरलं, सुळ्यांची मुळं ठेवलेल्यांत ०.६. मला त्यापुढे काही विचारायचं राहिलं नाही.

घरी मात्र ह्यांना पटेना. "किडके दात तोंडात ठेवून वरनं झाकायचे?" शेजारच्या वहिनींचंही तेच. माणसांना दात काढला की सुटल्यासारखं वाटतं, त्याला काय करणार!

आधी दोन्ही सुळ्यांचं रूट कॅनाल झालं. सुळ्याला सहसा एकच नळी, त्यामुळे दाढेइतका त्रास नाही. मग कवळीची मापं, मेणावर दातांची जुळणी. कवळी आधी तयार करून घेतली, म्हणजे दात काढले त्याच दिवशी ती बसवता आली आणि बोळक्या तोंडानं फिरावं लागलं नाही. सुळे हिरडीच्या वर दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापले, गोलसर केले, नळीच्या तोंडाशी फिलिंग भरलं. मुळांवर कवळी पातळ होते आणि तिथेच मोडते, म्हणून आत धातूची जाळी घातली. आरशात पाहिल्यावर पोटात कालवलं खरं. सुळ्यांच्या जागी दोन बुटके ठिपके.

पहिले काही दिवस एका बाजूला हिरडी सोलवटली, तिथे कवळी घासून घेतली. जखमा भरल्यावर हिरडी बसते आणि कवळी सैल होते. तेव्हा आतून नवा थर देतात. हे आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

भाकरीचं सांगते. सुळ्यांची आतली नस काढलेली, त्यामुळे गार-गरम कळत नाही. पण बाहेरचे ते तंतू शाबूत असल्यानं दाब कळतो. भाकरीचा पापुद्रा किती कडक आहे, डाळीत खडा आला का, हे खालून समजतं. वरच्या कवळीनं ते कधीच कळलं नाही. भडंगातले शेंगदाणे मी आता कुटून घेत नाही.

कष्ट मात्र रोजचे आहेत. कवळीखाली लाळ फिरत नाही, म्हणून मुळं लवकर किडतात. दोन्ही वेळा मऊ ब्रशनं ती घासायची, हिरडीच्या कडेसकट. कवळीच्या आत मुळांसाठी दोन खळगे आहेत, त्यांत फ्लोराइड जेलचा थेंब टाकून कवळी लावायची. रात्री काढून पाण्यात. हे जमणार नसेल, किंवा करून देणारं घरात कुणी नसेल, तर मुळं ठेवण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं. मला ते आवडलं.

दर सहा महिन्यांनी तपासणी असते. मध्यंतरी डाव्या मुळावरचं फिलिंग निघालं, पुन्हा भरलं. तिथली हिरडी थोडी सुजते, तेवढ्यावर लक्ष आहे. उद्या ते मूळ गेलंच तर तेवढा खळगा भरून हीच कवळी पुढे वापरता येईल, आणि उजवं तर आहेच.